फोर्थ फ्लोर

नमस्कार श्रोतेहो. 'समाजभाषाविज्ञान', म्हणजे समाजात कोण कसं बोलतं याचा अभ्यास, असं म्हटलं की तुम्ही लगेच रेडिओचा कान पिळाल, म्हणून सरळ गोष्टच सांगतो. माझी फार लाडकी आहे. आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी.

साल १९६२, नोव्हेंबर महिना, न्यूयॉर्क शहर. विल्यम लॅबॉव्ह नावाचे गृहस्थ, पूर्वी शाईच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ, आता कोलंबिया विद्यापीठात भाषेचे अभ्यासक. त्यांनी तीन मोठी दुकानं निवडली. सॅक्स श्रीमंतांचं, मेसीज मध्यमवर्गाचं आणि क्लाइन स्वस्तातलं. आत शिरायचं आणि दिसेल त्या विक्रेत्याला विचारायचं, "बायकांचे बूट कुठे मिळतील?" खरं तर ते त्यांना आधीच ठाऊक असायचं! उत्तर यायचं, "फोर्थ फ्लोर." मग हे जरा पुढे वाकून, "काय म्हणालात?" विक्रेता पुन्हा, या वेळी ठासून, "फोर्थ फ्लोर!" आभार मानायचे, नजरेआड व्हायचं आणि वहीत टिपायचं. काय टिपायचं? तर 'र' म्हटला की गिळला. 'फोर्थ'मधला एक, 'फ्लोर'मधला एक, दोनदा वदवून घेतले म्हणून चार. बरं, खुद्द चौथ्या मजल्यावर काय विचारणार? तिथे म्हणायचे, "हा कितवा मजला हो?" अशी २६४ माणसं साडेसहा तासांत उरकली. आजच्या मॉलमध्ये करून बघा. विचारायला माणूसच सापडत नाही. असो.

सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी निदान एकदा तरी 'र' उच्चारला. मेसीजमध्ये ५१ टक्के, क्लाइनमध्ये अवघे २०. पुन्हा सांगतो: बासष्ट, एक्कावन्न, वीस. पगारामुळे म्हणाल, तर मेसीजवाल्यांना सॅक्सपेक्षा जास्त मिळायचा. म्हणजे बोली पगारामागे गेली नव्हती, गिऱ्हाइकामागे गेली होती. आणि मेसीजवाले दुसऱ्यांदा सांगताना 'र' जास्त म्हणत. कुठला उच्चार भारी, हे त्यांना पक्कं माहीत होतं!

गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे 'र' गिळणं हेच खानदानी समजत. अध्यक्ष रूझवेल्टही गिळायचे. 'र' तोच, मान तेवढा फिरला.

आपल्याकडे तेच 'ण'चं. हिंदीवाला 'पानी' म्हणाला तर शुद्ध, आणि आपला पोरगा म्हणाला तर गावंढळ! आम्हा निवेदकांची तर भाकरीच 'ण'वर. व्याकरणाच्या नावाखाली पोरांची जात नि गाव तपासणारे गुरुजी मला कधीच आवडले नाहीत, हे आज माइकवरून सांगून टाकतो.

तुम्हीही लॅबॉव्हसाहेबांची युक्ती करून बघा. कुणालाही पत्ता विचारा, मग "काय म्हणालात?" आणि दुसरं उत्तर कान देऊन ऐका. फक्त मंडईत भाव विचारताना नको. दुसऱ्यांदा पाच रुपये वाढलेले असतात.

नमस्कार.