कोरोनात रद्द झालेल्या ट्रिपचे पैसे: नक्की कोणाकडे अडकलेत आणि मागायचे कसे

नमस्कार मंडळी! आजचा विषय पैशाचा आहे, आणि तोही अशा पैशाचा जो बऱ्याच जणांनी मनातल्या मनात सोडून दिलाय, "गेले ते गेले, जीव वाचला हेच खूप" असं म्हणून. २०२० मध्ये कोरोनामुळे ज्यांच्या टूर, विमानाची तिकिटं, हॉटेलं रद्द झाली त्यांचं रिफंड. अजूनही काही लोकांचे पैसे कुठल्यातरी कंपनीच्या खात्यात पडून आहेत, आणि काहींच्या हातात एक्स्पायर झालेलं व्हाउचर आहे ज्याचं काय करायचं ते कळत नाही.

आठवून बघा. आपल्याकडे परीक्षा संपल्या की एप्रिल-मे म्हणजे फिरायचा सीझन, काश्मीर, हिमाचल, नाहीतर युरोप, आणि डिस्काउंट मिळतं म्हणून बुकिंग डिसेंबर-जानेवारीतच झालेलं असतं. म्हणजे २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा लोकांचे पैसे आधीच भरून झाले होते. विमानं बंद झाली ती देशातली पुन्हा सुरू झाली २५ मे ला, तोपर्यंत सुट्टीचा अख्खा सीझन गेलेला.

आता रिफंडचं पहिलं सूत्र सांगते, आणि हे पुढेही कधी लागेल, साथ असो, पूर असो, काहीही असो. ट्रिप रद्द कोणी केली? तुम्ही केली की समोरच्याने केली? सगळं यावर ठरतं. तुम्ही घाबरून ॲपवर जाऊन स्वतः कॅन्सलचं बटण दाबलंत तर कॅन्सलेशन चार्जेस लागतात आणि कंपनी म्हणते तुम्हीच रद्द केलं. विमान कंपनीने फ्लाइट रद्द केली तर पैसे परत मागायचा हक्क तुमचा. मार्च २०२० च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कितीतरी लोकांनी काळजीपोटी स्वतःच तिकिटं कॅन्सल केली, आणि काहीच दिवसांत सरकारनेच विमानं थांबवली. त्या लोकांचं खूप वाईट वाटतं मला, कारण त्यांनी जबाबदारीने वागून स्वतःचंच नुकसान करून घेतलं. म्हणून सांगते, फ्लाइट रद्द होणार असं दिसत असेल तर कंपनीचा मेसेज येईपर्यंत शक्य तेवढं थांबा, मात्र निघायच्या वेळेआधी नजर ठेवा, नाहीतर नो-शो, म्हणजे प्रवासाला आलाच नाहीत असं धरलं जाईल.

बरं, विमान तिकिटांचं काय झालं ते नीट समजून घेऊ कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. १६ एप्रिल २०२० ला विमान वाहतूक मंत्रालयाने आदेश काढला की पहिल्या लॉकडाऊनमध्ये म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिलच्या दरम्यान ज्यांनी तिकीट काढलं आणि प्रवास ३ मे पर्यंतचा होता त्यांना पूर्ण पैसे तीन आठवड्यांत द्या. वाचायला छान वाटतं. पण जानेवारीत बुक केलेल्यांचं काय? ते त्यात बसतच नव्हते, आणि बहुसंख्य लोक तेच होते!

मग प्रवासी लीगल सेल नावाची संस्था सुप्रीम कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल आला, न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाचा. त्यात म्हटलं की लॉकडाऊनमध्ये बुक केलेलं लॉकडाऊनमधल्याच प्रवासाचं तिकीट असेल तर पूर्ण पैसे लगेच परत, कारण मुळात ते विकायलाच नको होतं. आधी बुक केलेल्यांना १५ दिवसांत पैसे द्यायचा प्रयत्न करा, आणि कंपनी खरंच अडचणीत असेल तर क्रेडिट शेल द्या, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या नावाने कंपनीकडे जमा, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरा, कुठल्याही रूटवर वापरा, दुसऱ्या कोणाला दिली तरी चालेल. शिवाय त्या रकमेवर ३० जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ. आणि वापरली नाही तर ३१ मार्च २०२१ नंतर रोख परत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा! कारण लोकांना वाटतं क्रेडिट शेलची तारीख गेली म्हणजे पैसे बुडाले. तारीख गेली म्हणजे उलट रोख मागायची वेळ आली, निकालाचा अर्थच तो आहे.

आणि एरवीच्या दिवसांत तर डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम स्पष्ट आहे की क्रेडिट शेल घ्यायचं की नाही ही प्रवाशाची मर्जी, विमान कंपनी ते आपोआप माथी मारू शकत नाही. कोर्टाने दिलेली सवलत फक्त त्या काळापुरती होती. तरी आजही फ्लाइट रद्द झाली की ॲपमध्ये व्हाउचरचं बटण मोठं, रंगीत आणि रिफंडचं बटण कुठेतरी खाली बारीक अक्षरात. सुट्टे पैसे मागितले की दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो ना, तसंच आहे हे. नको असेल तर नको म्हणा.

व्हाउचरचा खरा धोका मी तुम्हाला सांगते. व्हाउचर म्हणजे कंपनी जिवंत राहील यावर तुम्ही लावलेला पैसा. गो फर्स्ट, आपलं जुनं गो एअर, २ मे २०२३ ला दिवाळखोरीच्या अर्जासाठी गेली, विमानं बंद पडली. ज्यांचे पैसे तिथे अडकले होते ते प्रवासी एका रात्रीत कंपनीचे घेणेकरी झाले, म्हणजे बँका आणि बाकीच्या मोठ्यांच्या मागे रांगेत उभे. त्याआधी २०१९ मध्ये जेट एअरवेजचं तेच झालं होतं. म्हणून रोख मिळत असेल तर रोखच घ्या, मग व्हाउचरवर वरून हजार-दोन हजार जास्त देत असले तरी.

आता एजंटचा भाग, आणि इथे सगळ्यात जास्त पैसे हरवतात. तुम्ही वेबसाईटवरून किंवा कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याकडून तिकीट काढलंत. फ्लाइट रद्द झाली. एअरलाईनला फोन केला तर म्हणतात आम्ही एजंटला पैसे पाठवले, एजंटला फोन केला तर म्हणतो एअरलाईनकडून आलेच नाहीत. दोघंही गोड बोलतात आणि तुम्ही मध्ये चेंडूसारखे इकडून तिकडे.

हे फक्त तुमच्या-माझ्याबाबतीत झालं असं नाही, सरकारी कागदावर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यात्रा नावाच्या ऑनलाईन बुकिंग कंपनीबद्दल स्वतःहून कारवाई केली तेव्हा २०२१ मध्ये कोविडच्या ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींच्या वर पैसे ग्राहकांना द्यायचे बाकी होते. जून २०२४ मध्ये, म्हणजे लॉकडाऊननंतर चार वर्षांनी, तो आकडा ४,८३७ बुकिंग आणि अडीच कोटींच्या आसपास आला, आणि प्राधिकरणाने २७ जून २०२४ च्या आदेशात कंपनीला सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर पाच माणसं खास बसवा आणि या उरलेल्या प्रवाशांना तुम्ही फोन करून सांगा की तुमचे पैसे देतोय. मला हा आदेश फार आवडला कारण यात प्रवाशाने धावायचं नाहीये, कंपनीने धावायचंय. तेव्हा तुमचा २०२० चा नंबर बदलला असेल, ईमेल बंद झाला असेल, तर त्या फोनची वाट बघत बसू नका, स्वतः संपर्क करा.

तर एजंटच्या चक्रात अडकलात तर काय करायचं? एअरलाईनला ईमेल करा, पीएनआर द्या, आणि एवढंच विचारा: या पीएनआरचं रिफंड किती, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या खात्यात दिलं, लेखी कळवा. "दिलं" म्हणाले तर ते उत्तर जसंच्या तसं एजंटला पाठवा, आता त्याला "आलेच नाहीत" म्हणता येत नाही. एजंट म्हणाला की तुमच्या कार्डावर टाकले, तर एआरएन नंबर मागा. हा कार्डच्या रिफंडचा लांबलचक आकड्यांचा नंबर असतो, तो बँकेला दिला की बँक शोधून सांगते पैसे आले का आणि कुठे पडलेत. नंबर देऊ शकत नसतील तर बहुतेक वेळा पैसे निघालेलेच नसतात. आणि दोघंही हात वर करायला लागले तर डीजीसीएचा नियम दाखवा, एजंट हा एअरलाईनचाच प्रतिनिधी धरलाय म्हणून रिफंड मिळवून द्यायची जबाबदारी शेवटी एअरलाईनची.

आता टूर कंपन्या. इथे तिकिटासारखा सरळ हिशोब नसतो, एकाच पैशात विमान, हॉटेल, बस, व्हिसा, गाईड, जेवण सगळं. माझ्या मावशी-काकांचं सांगते. मे २०२० ची युरोप टूर, निवृत्तीनंतरचं पहिलं मोठं फिरणं, निम्म्याहून जास्त पैसे भरलेले. टूर रद्द झाली, कंपनीने पुढच्या टूरचं क्रेडिट देऊ केलं, वर दर वाढले तर फरक तुम्ही भरायचा, आणि रोख हवी असेल तर व्हिसा, विमान, प्रोसेसिंग असं करून मोठी रक्कम कापू. मावशी गप्प बसणारी नाही. तिने मेल लिहिला की प्रत्येक कपातीची पावती द्या, आणि व्हिसाची फी कशी कापली, माझा पासपोर्ट तर माझ्या कपाटात आहे, तो तुम्ही कधी नेलाच नाहीत. त्यावर बरेच दिवस शांतता, मग व्हिसाचे पैसे परत, मग विमानाचे, कारण ते एअरलाईनने कंपनीला परत दिले होते. थोडी रक्कम शेवटपर्यंत गेलीच, पण जी आली ती त्या एका मेलमुळे आली. तुम्हीही हेच करा, "सगळे पैसे द्या" यावर भांडण लांबतं, "कशाचे किती कापले, पावती दाखवा" याला उत्तर द्यावंच लागतं.

नॉन-रिफंडेबल लिहिलंय म्हणून विषय संपला असं समजू नका. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, करार पाळणंच अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो, आणि कलम ६५ म्हणतं की अशा करारात ज्याने फायदा घेतला त्याने तो परत करावा. मात्र तुमच्या बुकिंग फॉर्ममध्येच महामारी, सरकारी बंदी वगैरेबद्दल वेगळी अट असेल तर आधी ती लागू होते, म्हणून फॉर्मची ती मागची बारीक अक्षरातली बाजू एकदा वाचाच, चष्मा लावून. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक करार हा वेगळा मुद्दा आहे, एकतर्फी अटींना त्यात आव्हान देता येतं.

रेल्वेचं पटकन सांगते, ऑनलाईन तिकिटांचे पैसे गाडी रद्द झाल्यावर आपोआप आले, खिडकीवरच्या तिकिटांची मुदत रेल्वेने वाढवून नऊ महिन्यांपर्यंत नेली होती, आता ते जवळजवळ संपलेलं प्रकरण आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्सबद्दल एवढंच, साथ जाहीर झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या साथीमुळे रद्द झालेल्या ट्रिपला सहसा उपयोगी पडत नाही, घेण्याआधी महामारी हा शब्द कव्हरमध्ये आहे की वगळलेल्यात, ते शोधा.

अमेरिकेतून बघणारी आपली मंडळी आहेत, त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सहा विमान कंपन्यांना मिळून ६० कोटी डॉलरच्या वर रिफंड द्यायला लावलं, त्यात एअर इंडियाला १२ कोटी १५ लाख डॉलर रिफंड आणि वर १४ लाख डॉलर दंड. तिथला नियम असा की विमान कंपनीने फ्लाइट रद्द केली तर प्रवाशाला रिफंड द्यायचंच, व्हाउचर नको असेल तर तो नाकारू शकतो. तेव्हा भारतात येण्याचं तिकीट तिकडून काढलं असेल तर तक्रार तिकडेही करता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तक्रार कशी करायची? आधी कंपनीला लेखी, व्हॉट्सॲपवर बोलून भागत नाही, ईमेल करा आणि १५ दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५, मराठीत बोलता येतं, फी नाही. तिथे कोर्ट नसतं, ते कंपनीला विचारतात, पण मोठ्या कंपन्या इथे बऱ्याचदा हलतात. नाही हलल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनी मुंबईत आणि तुम्ही नांदेडला असाल तर नांदेडलाच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील लागतोच असं नाही, ऑनलाईनही भरता येतं, आता त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे.

मुदत दोन वर्षांची असते. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजायचाच नाही असं सांगितलं होतं, तरी आता ती गेली असं बहुतेकांच्या बाबतीत निघेल. उशीर का झाला याचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, कंपनीने मधे मधे "देतो, देतो" असे मेल केले असतील तर ते सगळे जोडा, ते फार कामाचे. आणि हेल्पलाईनवर फोन करायला तर काहीच अडचण नाही, जुनं प्रकरण आहे म्हणून मनातूनच माघार घेऊ नका.

एक शेवटची गोष्ट, जी मला मुद्दाम सांगायची होती. कोरोनात आपल्यातून कितीतरी माणसं गेली, आणि त्यांच्या नावावरची बुकिंग तशीच राहिली. आई-वडिलांच्या चारधामचे, आजी-आजोबांच्या टूरचे पैसे मागायला मुलांना लाज वाटते, मेलेल्या माणसाचे पैसे काय मागायचे म्हणून. ते त्यांच्या कष्टाचे पैसे आहेत, मागा. ग्राहक कायद्यात स्पष्ट आहे की ग्राहक गेला तर त्याचा कायदेशीर वारस तक्रार करू शकतो. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि बुकिंगची पावती लावा. ज्या खात्यातून पैसे भरले होते ते बंद झालं असेल तर तसं आधीच लिहून द्या आणि वारसाच्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक जोडा, नाहीतर कंपनी जुन्याच खात्यावर पैसे टाकून मोकळी होते आणि ते परत फिरून तिच्याकडेच येतात.