वजनाच्या आकड्यामागची रेषा

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट गल्लीगल्लीत ऐकू येतो आणि घराघरांत बायका विड्या वळतात, तिथल्या अंगणवाड्यांमध्ये दर महिन्याला मुलांची वजने घेतली जातात. शेजारणीच्या बाळापेक्षा आपले बाळ हलके भरले, की आईचा चेहरा उतरतो. तिची काळजी खरी आहे. पण बाळ नीट वाढते आहे की नाही, हे त्या दिवसाच्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी वाढीच्या आलेखावर मागच्या महिन्यांचे ठिपके जोडून पाहावे लागतात.

समजा, दोन मुली आहेत. पहिलीचे वजन सहाव्या महिन्यात 7.3 किलो, नवव्यात 7.4 आणि वर्षाची होताना तेवढेच 7.4 किलो आहे. दुसरीचे वजन याच टप्प्यांवर 5.9, 6.7 आणि 7.3 किलो आहे. वर्षाच्या दोघी शेजारी बसवल्या तर पहिलीच किंचित वजनदार ठरेल आणि वयानुसार दोघींची नोंद ‘साधारण’ अशीच होईल. तरीही दुसरी आपल्या रेषेने वर चढते आहे, तर पहिलीची वाढ सहा महिने खुंटली आहे. खरी काळजी पहिलीचीच करायला हवी, आणि नेमकी तीच नजरेतून निसटते.

सहा महिन्यांनंतर रेषा आडवी होण्याची कारणे बहुतेक वेळा घरातच सापडतात. या वयात आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न लागते. पण वरणाचे नुसते पाणी किंवा पातळ पेज दिली, तर बाळाचे इवलेसे पोट भरते आणि अंगी मात्र फारसे लागत नाही. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात मऊ कुस्करून, त्यात शेंगदाण्याचे बारीक कूट आणि चमचाभर तूप घालून दिवसातून दोन-तीनदा भरवता येते. हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी मिळवणाऱ्या आईला एवढी सवड काढणे किती अवघड जाते, हे मात्र आलेखावर कुठेच दिसत नाही. म्हणून घरातल्या इतरांनीही भरवण्याची जबाबदारी घ्यायला हवी.

‘आमच्याकडची मुले मुळातच बारीक’ असे पुष्कळदा म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेली मुलांच्या वाढीची मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील सुमारे 8,500 मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. पोषण आणि संगोपन चांगले मिळाले, तेव्हा या सहाही देशांतल्या लहान मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली.

मोजमाप अचूक नसेल, तर रेषाही फसवते. काटा शून्यावर आणून, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन घ्यावे. दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून आणि त्यानंतर उंची उभे करून मोजतात. या बदलामुळे सुमारे 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो, त्याला वाढ थांबली असे समजू नये.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि दाबल्यावर तिथे खळगा राहत असेल, तर काट्यावरचे वजन विश्वासार्ह राहत नाही, कारण त्यात साचलेल्या पाण्याचाही भार असतो. अशा मुलाला पुढच्या वजनाच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.