बैठका मोजणारे यंत्र

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात रोबोटचे स्थान हा विषय मला दिलेला आहे. परंतु कोल्हापुरात या विषयाची वाट तालमीवरूनच जाते, असे माझे जुने मत आहे आणि ते मी आज सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त वस्तादांना त्यांच्या चार पठ्ठ्यांनी माझ्याकडे उचलून आणले. डावी बाजू लुळी पडून तीन आठवडे झाले होते आणि त्यातील दोन आठवडे कबुतराचे रक्त चोळण्यात गेले होते. (त्या उपचाराने कबुतर दगावले, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो.) मी त्यांचा पंजा धरून टेबलावरची वाटी उचलण्याचा सराव घेतला. पाऊण तासाने थांबलो, तेव्हा त्यांनी विचारले, "किती झाल्या?" मी अभिमानाने "तीस" म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "तिसात आमच्या पोराला घामबी येत न्हाई. ह्याला मेहनत म्हणतासा व्हय?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. पुढे 2009 सालचा एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. त्यात हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव झालेल्या सत्रांमध्ये दर सत्रामागे त्यांची सरासरी भरली 32, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूची नवी जुळणी घडते ती शेकडो आवर्तनांनी. ग्रंथालयाची पायरी न चढता वस्तादांनी नेमके दुखणे ओळखले होते. पायांच्या सरावाचेही तेच: पाय लुळा पडलेल्या धिप्पाड माणसाला दोघांनी धरून चालवायचे, तर पंधरा-वीस पावलांत धरणाऱ्यांचीच कंबर धरते. चालण्याचा सराव देणारे रोबोट-यंत्र मात्र पट्ट्याने त्याचा भार तोलून अर्ध्या तासात शेकडो पावले टाकवते आणि त्यांचा हिशेबही ठेवते.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मुख्य विषय पाच मिनिटांत उरकतो. सराव लवकर सुरू करावा म्हणतात, पण लवकर म्हणजे पहिल्याच दिवशी नव्हे: 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 2104 रुग्णांच्या अॅव्हर्ट चाचणीत झटक्यानंतर 24 तासांच्या आत वारंवार उठवून चालवलेल्या गटापैकी 46 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 50 टक्के होते. हातासाठीच्या रोबोटनेही 2019 च्या ब्रिटिश चाचणीत, 770 रुग्णांमध्ये, नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचे काम अधिक सुधारले नाही. चालण्याचे चित्र वेगळे आहे. फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्र वापरले तर साधारण आठ रुग्णांमागे एक अधिक रुग्ण आधाराशिवाय चालू लागतो, आणि हा लाभ पहिल्या तीन महिन्यांत, मुळीच चालता न येणाऱ्यांना, सर्वाधिक दिसतो.

म्हणून यंत्र घेणाऱ्या रुग्णालयांना मी एकच प्रश्न विचारतो: रुग्णाने स्वतः जोर लावताच तुमचे यंत्र आपला आधार कमी करते का? करत नसेल, तर पाय यंत्र हलवते आणि माणूस छताकडे पाहत जांभया देतो. असा पठ्ठ्या वस्तादांनी आखाड्यातून हाकलला असता.