दे इकडे, मी करतो

नमस्कार श्रोतेहो.

माझी आत्या ८२ वर्षांची. शाळेतून निवृत्त झालेली, साताऱ्याला एकटी राहते. फोनबद्दल तिची तक्रार एकच, "हा मेला माझं ऐकतच नाही." आम्ही हसायचो. माझा मुलगा तर तिच्या हातातून फोन काढूनच घ्यायचा. "आत्याआजी, दे इकडे, मी करतो." दहा सेकंदांत काम उरकायचं आणि आत्या होती तिथेच राहायची.

एका दुपारी मी तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. हात मागे घेऊन. आणि काय सांगू, फोन खरंच तिचं ऐकत नव्हता! ती बोट टेकवायची, पडदा ढिम्म. मग ती जोरात दाबायची आणि दाबूनच धरायची. फोनला वाटायचं, बाईंना हे चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचंय. व्हॉट्सअ‍ॅप या पानावरून त्या पानावर, आणि आत्या रडकुंडीला.

आता यात तिची चूक काय? फोनच्या काचेला जोर कळत नाही. बोट टेकल्यावर विजेच्या भारात जो बारीकसा फरक पडतो, तो तिला कळतो. वय वाढलं की कातडी कोरडी पडते आणि तो फरक नीट उमटत नाही. बँकेत नोटा मोजताना कॅशियर ओल्या स्पंजला बोट लावतो ना, तेच केलं. वाटीत ओलं फडकं ठेवलं. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणून एक भाग असतो. किती वेळ दाबलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, तो वेळ तिथे वाढवता येतो. अक्षरं मोठी करायची सोयही सेटिंगमध्येच असते, आणि ज्यांना दिसतच नाही त्यांना पडदा वाचून दाखवणारं 'टॉकबॅक'ही. हे सगळं फोनमध्ये आधीपासून असतं, वेगळे पैसे पडत नाहीत. दुकानदार मात्र हे सांगत नाही. तो कव्हर विकतो.

दुसरी गंमत माइकची. कीबोर्डवरचं ते छोटं चित्र दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. गूगलच्या कीबोर्डला ही सोय मराठीत २०१७ पासून आहे. आत्याने पहिला निरोप मला पाठवला तो असा : "भाजीवाला आला होता मेथी घेतली अगं बाई हे तर सगळंच लिहितंय". एक पूर्णविराम नाही! आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने विरामचिन्हं घालणारी बाई. त्या निरोपाने ती दोन दिवस अस्वस्थ होती.

पण खरी परीक्षा नोव्हेंबरात. पेन्शनवाल्यांना सांगायला नको, हयातीचा दाखला. तो ऑनलाइन काढायची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ मध्ये आली, पण तेव्हा बहुतेक ठिकाणी बोटाचा ठसा लागायचा. खडू धरून, भांडी घासून झिजलेली बोटं. यंत्र ठसा घेईना. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. फोनवर जीवन प्रमाणचं आणि आधारच्या चेहरा-ओळखीचं, अशी दोन अ‍ॅप लागतात. कॅमेऱ्यासमोर उजेडात बसायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या. आत्या पापणी लववेचना. शाळेच्या ग्रुप फोटोत जसं बसायचं, तशी ताठ, डोळे रोखून. मी म्हटलं, "आत्या, डोळे मिट." म्हणाली, "अगं, जिवंत असल्याचा दाखला ना? मग डोळे कशाला मिटू?" तिसऱ्या खेपेला जमलं. पण फोन तिच्याच हातात होता, हे महत्त्वाचं.

महत्त्वाचं का, तेही सांगते. मागच्या वर्षी तिला एक फोन आला. "पेन्शन बंद होतेय आजी, तुम्हाला काही करायला नको. फक्त आलेला नंबर सांगा, पुढचं मी करतो." ऐकलंत वाक्य? पुढचं मी करतो. हे तर आमच्याच घरातलं वाक्य! फोन आला की तो दुसऱ्याच्या हवाली करायचा, ही सवय तिला आम्हीच लावलेली. ती तेव्हा वाचली, कारण दाखला तिने स्वतः काढलेला होता आणि त्यात कुठे कुणाला फोनवरून ओटीपी सांगावा लागला नव्हता. "मी माझं केलंय," म्हणाली आणि फोन ठेवला. अशा फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करायची. दर मिनिटाला पैसे पुढे सरकत असतात. नातेवाइकांची बैठक नंतर.

आणखी एक नंबर लिहून घ्या. पेन शोधा, मी थांबते. एक, चार, पाच, सहा, सात. १४५६७. ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन आहे. पेन्शन, कायदेशीर सल्ला, घरात होणारा त्रास, कशासाठीही फोन करता येतो.

आत्याची एक खोड मात्र अजून गेलेली नाही. वीज जळते म्हणून ती फोन पुरता चार्जच करत नाही. पडल्याझडल्यावर मदतीला बोलवायचं बटण आम्ही हौसेने लावून दिलंय, आणि बॅटरी चार टक्के!

आत्या, रेडिओ ऐकते आहेस ना? उठ, फोन चार्जिंगला लाव. आणि प्लगचं बटणही दाब. परवा तेच राहिलं होतं.

नमस्कार.