मेमरी कोणाची?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आपण सोडवायला दिलेली रेषीय समीकरणं बहुतेक वेळा पायथन सोडवत नाही. पायथनची सायपाय ही गणिती लायब्ररी (तयार फंक्शन्सचा संच) ते काम लापॅककडे सोपवतं, आणि १९९२ साली पहिल्यांदा बाहेर आलेली ही लायब्ररी मुळात फोर्ट्रान या जुन्या भाषेत लिहिलेली आहे. इतकी वर्षं तावून सुलाखून निघालेला कोड नव्याने लिहीत बसण्यापेक्षा आपल्या भाषेतून त्याला कॉल करणं केव्हाही शहाणपणाचं.

हे जमतं कसं? प्रोसेसरला या भाषा कळतच नाहीत. त्याला फंक्शनचा पत्ता लागतो, आणि आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायची मूल्यं) कुठे ठेवायची हे दोन्ही बाजूंनी आधी ठरलेलं असावं लागतं. या ठरावाला एबीआय (ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस) म्हणतात. ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर लिनक्समध्ये पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांमधून) जातात, विंडोजमध्ये चारच. बहुतेक भाषांना सी या भाषेचा एबीआय पाळता येतो, म्हणून मध्यस्थी सीकडे आली. हा भाग एकदा बसला की बसला.

खरी गोम पुढे आहे. समजा, सीचं फंक्शन मॅलॉक या फंक्शनने मेमरीत जागा घेतं, तिथे मजकूर भरतं आणि पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, परत देतं. पायथनच्या सीटाइप्समध्ये (सीची फंक्शन्स कॉल करायच्या मॉड्यूलमध्ये) रिटर्न टाइप, म्हणजे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, सांगितला नाही, तर तो इंट (३२ बिटांचा पूर्णांक) धरला जातो आणि ६४ बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. हे निदान लवकर उघडकीला येतं. टाइप म्हणून सी-कॅर-पी (सीच्या मजकुराचा पॉइंटर) दिला, तर मजकूर अगदी बरोबर हाती येतो. पण ती पायथनने केलेली प्रत असते, मूळ पॉइंटर आपल्याला मिळतच नाही. मग फ्री, म्हणजे जागा मोकळी, करणार काय? उत्तरं बरोबर येतात, टेस्ट पास होतात, आणि दर कॉलला थोडी मेमरी गळत राहते. अशा वेळी व्हॉइड पॉइंटर (प्रकार न सांगता नुसता पत्ता) घ्यावा, मजकूर स्वतः वाचावा आणि ज्या लायब्ररीने जागा घेतली तिच्याच फंक्शनने ती सोडावी. विंडोजवर दोन डीएलएलचे (लायब्ररीच्या फायलींचे) सी रनटाइम, म्हणजे मॅलॉक आणि फ्री पुरवणारा कोड, वेगळे असू शकतात. एकाच्या हीपवरची (मॅलॉक जिथून जागा देतं त्या मेमरीतली) जागा दुसऱ्याच्या फ्रीला देता येत नाही.

कॉलबॅकचं, म्हणजे सीने नंतर कॉल करावं म्हणून त्याला दिलेल्या फंक्शनचं, याच्या उलट होतं. पायथनचं फंक्शन सीच्या हाती दिलं, तरी सीने जपलेला पत्ता पायथनच्या हिशेबात येत नाही. आपल्या बाजूला त्या कॉलबॅक ऑब्जेक्टचा रेफरन्स (त्याला धरून ठेवणारा दुवा) उरला नाही की ते नष्ट होतं. पुढे केव्हातरी सी त्या पत्त्यावर कॉल करतं आणि प्रोसेस कोसळते. चूक एकीकडे, स्फोट दुसरीकडे. मला हा प्रकार सगळ्यात घातक वाटतो.

जावा या भाषेने २०२४ साली, २२व्या आवृत्तीत, बाहेरच्या (जावा स्वतः सांभाळत नाही अशा) मेमरीसाठी नवी एपीआय कायम केली. तिथे जागा एका अरिनाच्या (ती कधीपर्यंत वैध हे ठरवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) ताब्यात असते आणि अरिना बंद झाल्यावर जावाने तिला हात लावला तर एक्सेप्शन येतं. हे फार चांगलं झालं. पण सीने पॉइंटर स्वतःकडे ठेवून घेतला असेल, तर त्याला अरिना अडवू शकत नाही. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पॉइंटर देणाऱ्या किंवा घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या वर, ती जागा कधीपर्यंत वैध आहे आणि कोणी कोणत्या फंक्शनने सोडायची, एवढी एक ओळ लिहा.