तानपुऱ्यातला गंधार, फिल्टरमधून

आधी दहा सेकंद नुसतं ऐका.

काय वाटतंय, कीबोर्डवरचा पॅड, म्हणजे तो लांबत जाणारा मऊ सूर? नाही, हा मिरजेचा तानपुरा आहे, काळी एक या सुराला लावलेला, आणि यात वरून एकही स्वर घातलेला नाहीये.

समोरचं मशीन म्हणजे कॉर्ग एमएस-२० मिनी, एक सिंथेसायझर. मूळ एमएस-२० आला १९७८ साली, मिनी २०१३ मध्ये, आकार जरा लहान पण डोकं तेच. सेमी-मॉड्युलर म्हणजे आतलं वायरिंग आधीच केलेलं असतं, चालू केला की वाजतो, पण उजवीकडच्या भोकांत केबल खुपसली की सिग्नलची वाट बदलता येते. त्याच बाजूला खाली ईएसपी लिहिलंय बघा, एक्सटर्नल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचा दरवाजा. आमचं सगळं काम तिथेच.

तबलीवर, घोडीपासून दोन बोटं अंतरावर हा छोटा पिझो, म्हणजे लाकडाचा कंप पकडणारा माइक, चिकटवलाय, ब्लू-टॅक या चिकट पुट्टीने. टेप लावू नका, पॉलिश निघतं आणि मग घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं. मध्ये प्रीअँप, म्हणजे आवाज आधी वाढवून देणारी डबी, हवीच, नाहीतर एवढा भारदस्त तानपुरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं, दोन्ही ऑसिलेटर, म्हणजे मशीनचे स्वतःचे सूर काढणारे भाग, शून्यावर नेले, तारा छेडल्या आणि काहीच नाही, अर्धा तास केबलला शिव्या घातल्या, मग कळलं, कीबोर्डची पट्टी दाबल्याशिवाय याचा व्हीसीए, म्हणजे आवाज बाहेर सोडणारा भाग, उघडतच नाही, बाहेरचा आवाज आत येऊन दाराशी थांबलेला असतो. उपाय सोपा निघाला. ईएसपीच्या ट्रिगर आउटमधून केबल काढून एन्व्हलपच्या, म्हणजे दार कधी उघडायचं आणि मिटायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, ट्रिगर इनमध्ये घातली, आता प्रत्येक छेडीला तानपुराच दार उघडतो. रिलीज, म्हणजे दार मिटायला लागणारा वेळ, लांब ठेवलाय, त्यामुळे जोडीच्या तारांचा आवाज विरायच्या आत खरज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, येऊन मिळते.

ईएसपी पिच ओळखायचाही प्रयत्न करतो, पण त्याला एका वेळी एकच स्वर कळतो, इथे चार तारा एकमेकींत मिसळलेल्या, बिचारा पार गोंधळतो. म्हणून पिचची केबल काढून ठेवलीये.

आता खरी गंमत. जवारीचा दोरा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला धागा, नीट बसला की एका तारेतून ढीगभर स्वर निघतात हे गाणाऱ्यांना सांगायला नको. खरजाची तार साधारण ६९ हर्ट्झवर, तिच्या पाचपट म्हणजे ३४६ च्या आसपास स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणारा, गंधार. एरवी तो ऐकायला शांत खोली आणि तयार कान लागतो. इथे लो-पासचा, म्हणजे खालचे सूर जाऊ देणाऱ्या फिल्टरचा, पीक वाढवायचा, म्हणजे काठावरचा सूर उचलायचा, आणि कटऑफ, म्हणजे तो काठ, अगदी हळू, केसभर केसभर फिरवायचा... हा पंचम गेला... वरचा षड्ज... आणि हा बघा, आला! फिल्टरने वरची गर्दी हटवली आणि तारेत आधीच असलेला गंधार जरा पुढे आणला. पीक जास्त झाला तर मात्र फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो, मग गंधार कुठला आणि शिट्टी कुठली, काही कळत नाही.

एकदा वाटलं, यावर कीबोर्डचा गंधार हलकासा धरून बघू. पण तो ३४९ हर्ट्झला, हा ३४६ ला, दोघं भेटले की आवाज सेकंदाला जवळपास तीनदा लाटेसारखा चढतो-उतरतो, नको नको होतं. म्हणून कीबोर्डच्या त्या सदतीस पट्ट्यांवर आता आईच्या जुन्या साडीचा तुकडा टाकलेला असतो.