जॅकार्डचं कार्ड आणि एमआरआयची ओळ

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या शुभेच्छा. सोलापुरात या दिवसांत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरते, नंदीध्वज निघतात. आज मन तिकडेच आहे.

मी पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि दिवसरात्र यंत्रमागाची खडखड. वडील जॅकार्डवर चादरी विणायचे. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जायचा. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक आडवी ओळ. कार्ड फाटलं, की वडील चादरीवर बोट ठेवून सांगायचे, "हितलं गेलंय."

आता माझं काम एमआरआयचं, म्हणजे शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या स्कॅनचं. त्यातही मापं ओळीओळीनेच घेतात. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू चुंबकात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, तो आम्ही नोंदवतो. फरक एवढाच, की इथली प्रत्येक ओळ अख्ख्या चित्रात मिसळलेली असते. डोकं मध्येच जरा सरकलं, तर सगळ्या चित्रावर भुताटकीसारख्या सावल्या उमटतात. बोट ठेवायला जागाच उरत नाही.

हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र मावशीमुळे. तिला कंपवात. तिचा स्कॅन दोनदा वाया गेला. स्कॅन करणारे "हलू नका" असं दटावत होते आणि बाहेर आल्यावर ती रडवेली होऊन मला म्हणाली, "मी नाही गं हलत, मान हलतीया." त्याच आठवड्यात मी पीएचडीचा विषय ठरवला : स्कॅन चालू असतानाच डोकं किती सरकलं ते मोजायचं आणि त्या हिशेबाने एकेक ओळ दुरुस्त करायची.

पुढची बारा वर्षं त्यातच गेली. पीएचडी, मग दोन ठिकाणी पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, वर्षावर्षाचे करार, व्हिसाची धाकधूक. पहिला शोधनिबंध दोनदा परत आला, तेव्हा सगळं सोडून घरी जावंसं वाटलं होतं. माझ्या गाइडनी मला एमआरआयचे एक जनक पॉल लॉटरबर यांची गोष्ट सांगितली. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र असलेला त्यांचा लेख 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानेही आधी नाकारला होता. तो १९७३ साली छापून आला, आणि २००३ साली त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह नोबेल मिळालं. मी निबंध तिसऱ्यांदा पाठवला.

आता माझ्या प्रयोगशाळेत कंपवाताचे रुग्ण येतात. त्यांना आम्ही दटावत नाही.

सोलापूरकडची मुलं पीएचडीच्या अर्जासाठी चाचपडत असतात; विचारायचं कुणाला, हेच त्यांना ठाऊक नसतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर माझा नंबर द्या. रविवारी सकाळी मी त्यांच्यासाठी मोकळी असते.